जुनी मोटारसायकल घेतांना

गोवंडी ठाण्याच्या खाडीजवळ वसलेली; तेथील खारी हवा लोखंड खाते. म्हणून सडक आणि कच्ची वाट दोहोंवर चालणारी जुनी मोटारसायकल येथें घेणाऱ्यानें रंगावर न भाळतां सांगाड्याखालीं हात फिरवावा. २०१९ सालीं आलेल्या हिरो एक्सपल्स २०० चें पुढचें चाक २१ इंचांचें, तारेच्या आऱ्यांचें. दगडावर आपटलेलें चाक उचलून फिरवितांच डोलतें. सैल आरा टिचकीस बद्द बोलतो. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर तेलाची रेघ म्हणजे सील गेलें. इंजिनचें तेल दुधाळ दिसल्यास बहुधा आंत पाणी शिरलेलें. सौदा तेथेंच मोडावा. इंजिन थंड असतांनाच सुरू करून पाहावें; चतुर विक्रेता तें आधींच तापवून ठेवतो. नोंदणीपत्रावर कर्जाचा बोजा असेल तर पैसे मोजण्यापूर्वीं नमुना ३५ वर सावकाराची सही हवी. मालकी बदलण्याचे नमुने २९ व ३०, कचेरी वडाळ्याची.