शाळेच्या फाटकापुढची जागा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते शाळा सुटताना फाटकाशी उभे राहत. शेवटचे मूल वळणाआड गेल्यावाचून आत परतत नसत.

आज लिंबायत, उधना, डिंडोली या आपल्या खानदेशी वस्त्यांत शाळा सुटताना फाटक दिसतच नाही, इतकी रिक्षा, व्हॅन आणि स्कूटरींची गर्दी असते. शाळेच्या प्रवेशद्वारानजीक वाहन उभे करण्यास रस्ते-नियमावलीने १९८९ सालीच मनाई केली होती. कारण उघड आहे. सात वर्षांच्या मुलाची उंची जेमतेम चार फूट. उभ्या मोटारीआडून ते पाऊल टाकते, तेव्हा ते चालकाला दिसत नाही आणि चालक त्याला. ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात आठ मीटरहून अधिक पुढे जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंत तेवढे अंतर संपलेले असते.

ही वाहने परक्यांची नव्हेत, आम्हा पालकांचीच. (नातवाला आणताना मीही फाटकाला खेटूनच स्कूटर लावीत आलो, हे कबूल करतो.) आपल्या मुलाची चार पावले वाचावीत म्हणून आपण दुसऱ्याच्या मुलाची वाट आंधळी करतो.

इटलीतील बोल्झानो शहराने गेल्या शतकातच शाळेच्या वेळी तिच्यापुढचा रस्ता वाहनांना बंद केला. आपल्या अरुंद गल्ल्यांत ते साधणे कठीण. परंतु फाटकाच्या दोन्ही अंगांस पन्नास पावले मोकळी ठेवणे साधेल. सोमवारपासून माझी स्कूटर कोपऱ्यावर उभी राहील. फाटकाशी उभे राहण्यास जे माजी विद्यार्थी तयार असतील, त्यांनी आपली नावे आजच कार्यालयात द्यावीत.