यंत्राच्या खोलीला आराखड्यात जागा



जुन्या उद्योगांच्या परिसराची जपणूक कशी करावी, या विषयावर पुण्याच्या नारायण पेठेत सभा भरली, की पहिली शंका ठरलेली असते: इथे कारखाने होते तरी कुठे? या पेठेत धुराडे नाही, पाळी सुटल्याचा भोंगाही नाही. पण नारायण, सदाशिव, शनिवार आणि बुधवार या पेठांनी मिळून वाड्यांच्या पोटात एक मोठा उद्योग पिढ्यान् पिढ्या चालवला. तो छपाईचा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा चित्रशाळा छापखाना १८७८ मधला. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही वृत्तपत्रे १८८१च्या जानेवारीत निघाली. १९०५ मध्ये टिळकांनी गायकवाडवाडा घेतला आणि पुढे त्या वाड्याचे नावच केसरीवाडा झाले.

या उद्योगाचे वैशिष्ट्य असे, की तो एका इमारतीत कधीच मावला नाही. एका वाड्यात कंपोझिटर खिळे जुळवत, शेजारी ट्रेडल छापयंत्र चाले, पुढच्या गल्लीत ब्लॉकवाला, त्याच्या पलीकडे बाइंडर. छापलेले फर्मे घडीसाठी आणि शिलाईसाठी घरोघरी जात. तयार पुस्तक अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत पायी पोहोचे. लेखक प्रुफे तपासायला चालत येई. कामाचा हा सगळा पसारा पायी अंतरात होता, म्हणून छोट्या भांडवलावरही पुस्तक निघू शकले. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या या पेठांत पाणी शिरले, त्यानंतरही इथली छपाई पुन्हा उभी राहिली.

आता वाड्यावाड्यांना जोडणारा कामाचा हा धागा कोणत्या कायद्याने सांभाळायचा? शनिवारवाडा केंद्राच्या संरक्षणाखाली आहे, म्हणून त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित. ही पट्टी स्मारकासाठी आखलेली आहे. महापालिकेची वारसायादी इमारतींची प्रतवारी करते. राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीत एकेका वास्तूबरोबर संपूर्ण परिसरही वारसा म्हणून नोंदवण्याची सोय आहे. पण ती वापरायची, तर त्या परिसरात नक्की काय मोलाचे आहे, हे आधी कोणीतरी लिहून ठेवावे लागते. ते लिहिलेले नसले, की पुनर्विकासाचा प्रस्ताव येतो तेव्हा टेबलावर चटईक्षेत्र, पार्किंग आणि रस्तारुंदी एवढेच उरते.

याची किंमत मुंबईच्या गिरणगावाने मोजली आहे. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला, त्यापुढच्या शतकात लालबाग-परळची अख्खी वस्ती गिरण्यांभोवती वाढली. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्या परत पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये या जमिनींचा एकत्रित विचार करणारी मांडणी केली. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. गिरणीच्या आवारात मोकळे ते किती असणार? २००५ मध्ये उच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला.

एका शब्दाच्या फेरफारात शेकडो एकरांचे भवितव्य ठरले. काही धुराडी उभी राहिली, पण त्यांच्या पायथ्याशी आज मॉल आहेत. चाळ, खानावळ, भजनी मंडळ, गिरणीचा दरवाजा यांचे एकमेकांशी असलेले नाते कोणत्याही नकाशावर नव्हते, त्यामुळे ते कोणी मोडले असे म्हणायलाही जागा राहिली नाही. जपणूक म्हणजे धुराडे राखणे, ही समजूत गिरणगावात खोटी ठरली.

याउलट, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलची तांब्या-कथलाच्या खाणींची भूमी २००६ मध्ये जागतिक वारसा झाली. तिथे केवळ इंजिनघरे मोजली गेली नाहीत. खाणकामगारांची घरे, त्यांची लहान शेते, खनिज वाहून नेणारे लोहमार्ग आणि बंदरेही त्यात आली.  तरीही हेल बंदराच्या धक्क्यावर सुपरमार्केट उभे राहिलेच, जागतिक वारसा समितीचा विरोध असताना. तिथल्या नियोजनासाठी खास मार्गदर्शिका त्यानंतर तयार झाली. लिव्हरपूलचा बंदर परिसर तर २०२१ मध्ये यादीतूनच काढला गेला, कारण नव्या बांधकामांनी त्याचे रूप बदलले होते. वारशाचा मान सल्ल्यापुरता राहिला तर काय होते, हे या दोन्ही ठिकाणी दिसते.

पेठेतल्या वाड्यात राहणाऱ्यांची बाजूही इथे ठामपणे मांडायला हवी. सामाईक संडास, गळणारे कौल, कुजलेले वासे आणि भाडेकरू-मालकांचे वर्षानुवर्षांचे दावे यांत जगणाऱ्या कुटुंबाला ‘वारसा जपा’ असे सांगणे अन्यायाचे आहे. पुनर्विकास व्हायलाच हवा. प्रश्न एवढाच, की नव्या इमारतीत तळमजल्यावर फक्त मोटारी उभ्या राहाव्यात, की बाइंडरची खोलीही असावी?

म्हणून पेठेसाठीही मार्गदर्शिका करावी आणि ती या प्रश्नापासूनच सुरू व्हावी. वॉर्डाच्या नकाशावर आज चालू असलेला प्रत्येक छापखाना, बाइंडिंगचे काम आणि कागदाचे दुकान नोंदवावे. बंद पडलेल्या यंत्रांचीही नोंद घ्यावी. पुनर्विकासात तळमजल्यावर कामाची खोली राखणाऱ्याला ती जागा चटईक्षेत्रात न धरण्याची सवलत मिळावी. त्या खोलीला यंत्राचे वजन पेलणारी जमीन, तीन फेजची वीज आणि कागदाची रीमे उतरवायला टेम्पो येईल एवढी वाट हवी. यंत्राचा आवाज वरच्या घरांना पोहोचणार नाही, याची सोय नकाशातच दाखवावी. जुना मुद्रक भाडेकरू असेल, तर त्याचा परतीचा हक्क करारात लिहिला जावा. आणि हे सारे मराठीत, वाड्यातल्या माणसाला वकिलाशिवाय समजेल अशा भाषेत असावे.

या सभेत नगररचनाकार आहेत, वास्तुविशारद आहेत, मुद्रकही आहेत. सभेच्या ठरावात पहिली मागणी नोंदीची असावी, आणि नोंदीचे काम केसरीवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांपासून सुरू करावे, तेही पुढचा प्रस्ताव महापालिकेत दाखल होण्यापूर्वी.