डोळ्यांचा जुनाट दाह आणि आयुर्वेदीय उपचार



उन्हाळ्याची चाहूल लागताच गोमंतकातील काही घरांत शाळकरी मुले पुन्हा डोळे चोळू लागतात. डोळे लाल होतात, उजेड सोसवत नाही, कोपऱ्यांत चिकट, तार सुटणारा पांढरा स्राव साठतो. हा संसर्ग नव्हे. धूळ, परागकण अशा पदार्थांविषयी शरीराने दाखविलेली ही अवाजवी संवेदनशीलता होय. मुलग्यांत हा विकार अधिक आढळतो. बहुधा वयात आल्यावर तो ओसरतो; परंतु तोवर दृष्टी शाबूत राखणे हीच खरी कसोटी असते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांचे वर्णन आहे. अभिष्यंद हे त्यांतील बहुतेकांचे मूळ मानले आहे. खाज, सूज, जडपणा व चिकट स्राव ही कफज अभिष्यंदाची लक्षणे या विकाराशी पुष्कळ जुळतात. धूळ, धूर, झोपेची अनियमितता, उन्हातून येताच थंड पाण्यात शिरणे ही कारणे तेथे सांगितली असून, कारण टाळणे हीच चिकित्सेची पहिली पायरी मानली आहे. म्हणूनच केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, उन्हात टोपी व चष्मा वापरणे, खाज सुटल्यास स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवणे, हे उपाय क्षुल्लक समजू नयेत. सतत चोळण्याने बुबुळाचा आकार बिघडू शकतो.

शार्ङ्गधरसंहितेत सेक, आश्च्योतन, पिंडी, बिडालक, तर्पण, पुटपाक व अंजन असे सात नेत्रोपचार आहेत. मिटल्या डोळ्यांवर औषधी द्रवाची धार धरणे म्हणजे सेक. थेंब सोडणे म्हणजे आश्च्योतन. पापण्यांवर बाहेरून दिलेला लेप म्हणजे बिडालक. तर्पणात डोळ्यांवर औषधी तूप धारण करतात. दोष शमण्यापूर्वी ते वर्ज्य आहे. हा क्रम वैद्यानेच ठरवावयाचा असतो. हिरडा, बेहडा व आवळा यांचा त्रिफळा गुणकारी मानला जात असला, तरी स्वयंपाकघरात उकळलेला काढा निर्जंतुक नसतो. तो किंवा मध डोळ्यांत घातल्यास बुबुळावर जखम होण्याचा धोका असतो.

याहून मोठा धोका स्टेरॉइडच्या थेंबांचा आहे. त्यांनी चटकन आराम पडतो. म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून तीच बाटली पुन्हा पुन्हा आणली जाते. महिनोन्‌महिने असे चालल्यास डोळ्यातील दाब नकळत वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. मात्र नेत्रतज्ज्ञांनी दिलेले औषध परस्पर बंद करणेही तितकेच घातक ठरते.

आयुर्वेदीय उपचारांविषयी मोठ्या चाचण्या अद्याप थोड्याच झाल्या आहेत. म्हणून वैद्य आणि नेत्रतज्ज्ञ या दोघांनाही चालू असलेली सर्व औषधे सांगावीत व दाब नियमित तपासून घ्यावा. शिरोडा येथे आयुर्वेद महाविद्यालय आहे. धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. तज्ज्ञांचा सल्ला आता दूर राहिलेला नाही. डोळा दुखू लागला, अंधुक दिसू लागले किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसला, तर मात्र घटकाभरही न थांबता नेत्रतज्ज्ञ गाठावा.