जुना कॅमेरा पारखताना

बैल विकत घेणारा शेतकरी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच मोलाची भाषा काढतो. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी पान हातात घेऊन, हुंगून त्याची प्रत ठरवितो. पारखीची अशी परंपरा असलेल्या मुलखातील तरुण जुना डिजिटल कॅमेरा घेताना मात्र पुष्कळदा वरच्या चकाकीला भुलतो. ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ असा तो व्यवहार होतो.

हा व्यवहार क्षुल्लक नव्हे. तुळशीचे लग्न लागले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या बाजूस लगीनसराई सुरू होते. छायाचित्रणाचा व्यवसाय नव्याने मांडणाऱ्याला कोरे यंत्र परवडत नाही. घरच्यांच्या साठविलेल्या पैशांतून तो जुने घेतो. ते यंत्र ऐन अक्षतांच्या वेळी रुसले, तर पैशाची भरपाई करता येईल; हुकलेल्या क्षणाची येणार नाही.

निपाणीच्या शेजारच्या कोल्हापुरात १९१८ साली बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने चलच्चित्रणाचा कॅमेरा स्वतः सिद्ध केला. तेवढी विद्या ग्राहकाला नको. पण यंत्राच्या आत डोकावण्याची ती दृष्टी त्याने जरूर उचलावी.

पहिली परीक्षा भिंगाची. बेळगाव आणि खानापूरकडचा पाऊस मोठा, हवा दमट. बंद पिशवीत पडून राहिलेल्या भिंगात बुरशी धरते. भिंगाच्या एका बाजूने विजेरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूने तिरके पाहिले, की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. किंचित धूळ चालेल. बुरशी चालणार नाही.

दुसरी परीक्षा सेन्सरची. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मची जागा याने घेतली आहे. भिंगाचे छिद्र अगदी लहान करून पांढऱ्या भिंतीचे चित्र घ्यावे. प्रत्येक चित्रात त्याच जागी काळा ठिपका आला तर ती सेन्सरवरची धूळ होय. ती साफ होते, ओरखडा मात्र जात नाही. भिंगावर टोपण घालून काही सेकंदांचे चित्र घेतले, की सदोष बिंदू काळोखात ताऱ्यांसारखे चमकतात.

तिसरी परीक्षा शटरची. साध्या कॅमेऱ्याचे शटर साधारणपणे एक लाख वेळा, व्यावसायिक कॅमेऱ्याचे दोन लाख किंवा अधिक वेळा चालेल, अशी अपेक्षा असते. लग्नाच्या कामात हा आकडा झपाट्याने सरतो. निकॉनच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो चित्राच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत तो निराळ्या साधनाने काढावा लागतो. पण या आकड्यावरही सर्व भिस्त ठेवू नये. तासन् तास व्हिडिओ काढून तापलेल्या यंत्राचे शटर थोडेच चाललेले असू शकते.

यांखेरीज फुगलेली बॅटरी, गंजलेले संपर्कबिंदू, खरवडलेली स्क्रूची डोकी ही गतायुष्याची साक्ष देतात. ग्राहकाने आपले मेमरी कार्ड सोबत न्यावे, जवळची आणि दूरची, उजेडातील आणि अंधारातील चित्रे घ्यावीत, आणि ती संगणकाच्या पडद्यावर मोठी करून पाहावीत. कॅमेऱ्याचा लहान पडदा फार दोष झाकतो.

शेवटची परीक्षा कागदाची. यंत्रावरचा क्रमांक पावतीवरच्या क्रमांकाशी जुळलाच पाहिजे. १९३० च्या वस्तुविक्री अधिनियमाचे सामान्य तत्त्व असे, की विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क आहे, त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोरीचा माल पूर्ण दाम मोजून घेतला तरी तो मूळ मालकाचाच राहतो. मालाचे गुणदोष पाहण्याचा भारही, काही अपवाद सोडता, हाच कायदा घेणाऱ्यावर टाकतो. म्हणून विकणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख आणि सही असलेली चिठ्ठी घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत.

या सगळ्याला तासभर पुरतो. प्रामाणिक विक्रेता तेवढा वेळ आनंदाने देतो. ‘दुसरे गिऱ्हाईक वाटेवर आहे’ म्हणून जो घाई करतो, त्याच्यापाशी कॅमेरा कितीही स्वस्त असला, तरी तो तेथेच ठेवून घरची वाट धरावी. लगीनसराई पुढल्या वर्षीही येते. घरच्यांची पुंजी मात्र एकदाच साठलेली असते.