संत्र्याच्या रसातील भूमीची खूण



पेटीवर ‘नागपुरी संत्री’ असे छापलेले असते. ते खरे की खोटे, हे ग्राहकाने कसे ठरवावे? चव, रंग आणि साल यांवरून जाणकार पुष्कळ सांगू शकतो. परंतु तीच जात दुसऱ्या प्रांतात लावलेली असेल, तर जाणकारही फसतो. रस काढून बाटलीत भरला, की पाहायला सालही उरत नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ च्या कायद्याने अशा नावाला संरक्षण दिले आहे. मात्र नावाचा गैरवापर झाल्यास पुरावा कोणता, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक उत्तर समस्थानिकांच्या विश्लेषणात आहे.

एकाच मूलद्रव्याचे काही अणू थोडे हलके, तर काही थोडे जड असतात. त्यांना समस्थानिक म्हणतात. येथे उपयोगी पडणारे समस्थानिक निसर्गतःच पाण्यात, मातीत व अन्नात असतात. त्यांच्या या तपासणीत फळाला किरणोत्सर्ग दिला जात नाही. मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राने हलक्या व जड अणूंचे प्रमाण तेवढे मोजले जाते.

पाणी आणि साखर

दर हजार ऑक्सिजन अणूंमागे सुमारे दोन अणू जड, म्हणजे ऑक्सिजन-१८ चे असतात. बाष्पीभवन होताना हलके पाणी आधी उडते आणि पाऊस पडताना जड पाणी आधी गळते. त्यामुळे समुद्रकाठचा पाऊस आणि दूर अंतर्भागातील पाऊस यांत फरक पडतो. मुळांवाटे ते पाणी झाडात जाते. पानांतून बाष्प उडाल्यामुळे झाडातील पाणी आणखी जड होते. म्हणूनच रसात नंतर साधे पाणी मिसळले, तर ते या मोजणीत उघडकीस येऊ शकते.

साखरेचेही तसेच. ऊस, मका आणि ज्वारी ही पिके हवेतील कार्बन एका पद्धतीने घेतात, तर संत्र्याचे झाड दुसऱ्या पद्धतीने. उसाच्या साखरेत कार्बन-१३ चे प्रमाण अधिक असते. ‘शुद्ध रस’ म्हणून विकलेल्या बाटलीत उसाची साखर घातली असेल, तर जिभेला न कळणारी ती भेसळ यंत्राला कळते.

खडकाची साक्ष

मूळ गाव शोधताना स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य विशेष उपयोगी पडते. रुबिडियमपासून अत्यंत मंद गतीने स्ट्रॉन्शियम-८७ तयार होत असते. म्हणून जुन्या, रुबिडियमयुक्त खडकांत त्याचे प्रमाण अधिक आणि बेसॉल्टमध्ये कमी आढळते. खडकापासून माती, मातीतून मूळ आणि मुळातून फळ, असा प्रवास होतो, तरी हे प्रमाण जवळजवळ बदलत नाही.

या दृष्टीने नागपूरचे स्थान लक्षणीय आहे. शहराच्या पश्चिमेला काटोल, कळमेश्वर, वरूड, मोर्शी या संत्र्याच्या पट्ट्याखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट आहे. तर पूर्वेकडे शंभर कोटींहून अधिक वर्षांचे पट्टिताश्म खडक लागतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस भोसल्यांच्या काळात संत्र्याची रोपे औरंगाबादहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) नागपुरात आली, असे सांगतात. वाण बाहेरून आला असला, तरी फळातील ही खूण झाड जेथे उभे आहे त्या भूमीची असते.

मर्यादा आणि कर्तव्य

तथापि या पद्धतीकडून भलती अपेक्षा करू नये. राज्याची सीमा खडकाला ठाऊक नसते. पलीकडच्या छिंदवाडा भागातही बेसॉल्ट आहे आणि नागपुरी जातीची संत्री पिकवणाऱ्या राजस्थानातील झालावाडपर्यंतही तो पोहोचला आहे. खते आणि सिंचनाचे पाणी यांमुळेही आकडे बदलू शकतात. म्हणून एकाच खुणेवर निवाडा न करता पाणी, कार्बन, स्ट्रॉन्शियम आणि इतर क्षार यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तुलनेची आहे. बोटाचा ठसा ओळखायचा, तर आधी नोंदलेला ठसा हवा. तसेच खात्रीच्या बागांतील फळांचे नमुने, आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांचे, निरनिराळ्या वर्षांचे, गावनिहाय जतन झाले पाहिजेत. फळ, माती आणि खडक यांचा अभ्यास करणाऱ्या संस्था नागपुरातच आहेत: केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे मध्य क्षेत्र कार्यालय. परंतु नमुना कोणत्या गटातला, पाणी विहिरीचे की कालव्याचे, खत कोणते, ही माहिती गावातूनच यावयाची आहे. सातबाऱ्यावरील पीकनोंद बिनचूक ठेवणे, बागेतील पाण्याची आणि खताची टिपणे ठेवण्यास बागाईतदारांना प्रवृत्त करणे, शाळेतील मुलांना आपल्या गावचा खडक व माती ओळखावयास शिकविणे, ही कामे पंचायत सदस्य, अधिकारी आणि शिक्षक यांच्या आवाक्यातील आहेत.

यंत्र दोन आकड्यांची तुलना करते. त्यांतील एक आकडा गावाच्या खऱ्या नोंदीतून आलेला असेल, तरच नागपूरच्या नावावर खपणाऱ्या परक्या फळापुढे येथील बागाईतदाराला आपली बाजू सिद्ध करता येईल.