कोरडा बर्फ, कोरडे बोंबील



आमच्या पालघरच्या किनाऱ्यावर बर्फ म्हटला, की डोळ्यांसमोर येतो तो कारखान्यातल्या लादीचा. सातपाटीच्या बंदरात होड्या लागल्या, की तो फोडून पापलेटवर पसरायचा. थंड असला म्हणजे झालं. त्याची प्रत कुणी विचारत नाही. आकाशातून पडणाऱ्या बर्फालाही प्रत असते आणि ती त्या त्या प्रदेशाची हवा ठरवते, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

२०२४ च्या जानेवारीत बोईसरची आम्ही काही कुटुंबं काश्मीरला गेलो होतो. लेकीला बर्फावरून घसरण्याचा खेळ, म्हणजे स्कीइंग, शिकायचं होतं. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर. जानेवारीत तिथं कमरेएवढा बर्फ असतो, असं ऐकून होतो. समोर पाहतो तर वाळलेलं, तपकिरी गवत! आपल्याकडे मार्चमध्ये माळ दिसतो तसं. घसरगाडी ओढणारे, घोडेवाले, स्की भाड्यानं देणारे सगळे उन्हात बसून होते.

आम्ही ठरवलेला शिक्षक पंचविशीतला मुलगा होता. तो आम्हाला पाळण्यातून वर अफरवटच्या उतारावर घेऊन गेला. तिथं जुना बर्फ थोडासा टिकून होता. त्यानं तो बुटानं ठोकून दाखवला. टणक, काचेसारखा. म्हणाला, "आपा, बर्फ आहे की नाही एवढंच लोक विचारतात. कसा आहे, ते कुणी विचारत नाही. यावर तुमच्या मुलीला उभी केली तर हात मोडून घेईल." आणि त्यानं शिकवणीचे पैसे घेतले नाहीत. सबंध महिना त्याची कमाई नव्हती, हे मला नंतर समजलं.

घरी आल्यावर मी वाचायला बसले. बर्फाचा कण ढगात जन्मतो, तेव्हा तिथलं तापमान आणि ओल त्याला आकार देतात. जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत हिमकण घडवला आणि हे नातं उलगडलं. उणे १५ अंशांच्या आसपास नक्षीदार, फांद्याफांद्यांच्या चांदण्या तयार होतात. उणे ५ च्या सुमारास सुया. चांदण्या एकमेकींवर अलगद टेकतात, मध्ये हवा राहते. असा दहा सेंटिमीटर बर्फ वितळवला, तर पाणी जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर. हाच भुरभुरीत, कोरडा बर्फ. स्की त्यातून पाण्यातल्या होडीसारखी जाते. शून्य अंशाजवळ पडलेला बर्फ मात्र ओला, चिकट आणि जड.

म्हणून समुद्राजवळचा बर्फ वेगळा, आतल्या प्रदेशातला वेगळा. अमेरिकेत पॅसिफिकवरची दमट हवा आधी सिएरा नेवाडाच्या डोंगरांवर आदळते. तिथल्या जड बर्फाला लोक 'सिमेंट' म्हणतात. तीच हवा ओल सांडत सांडत कोलोरॅडोला पोचते, तेव्हा तिथं पिठासारखा बर्फ पडतो. गुलमर्ग या दोन टोकांच्या मधलं. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात त्याला बर्फ देतात, आणि त्यांना वाटेत आपला अरबी समुद्रही ओल पुरवतो. तारापूरच्या समुद्राची थोडी वाफ अफरवटवर पांढरी होऊन पडत असेल, या कल्पनेनं मी त्या रात्री बराच वेळ जागी होते.

पण ओल आली तरी ती वेळेवर यावी लागते. काश्मिरी माणूस हिवाळ्याच्या सर्वांत कडक चाळीस दिवसांना 'चिल्ला-ए-कलान' म्हणतो. २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत. चिल्ला शब्द आमच्या घरातलाच. बाळंतिणीचे चाळीस दिवस म्हणजे चिल्ला. दोन्हीकडे अर्थ तोच, या दिवसांत जपलं तर पुढचं सारं निभावतं. या काळातला बर्फ कोरडा पडतो, मुरतो, टिकतो. उन्हाळ्यात झेलमला, शेताला पाणी देतो. उशिरा पडलेल्या बर्फावर चढतं ऊन असतं. दुपारी तो भिजतो, रात्री गोठून त्याचं कवच होतं. त्या वर्षी बर्फ चिल्ल्याच्या अगदी शेवटी आला, आणि फेब्रुवारीत गुलमर्गच्या हिवाळी स्पर्धा पार पडल्या. २०२५ मध्ये मात्र बर्फाअभावी त्याच स्पर्धा मार्चवर ढकलाव्या लागल्या. दोन वर्षांवरून भाकीत करू नये, हे खरं. पण हिमालय तापतो आहे आणि खालच्या उतारांवर बर्फाऐवजी पाऊस पडू लागला आहे, हे शास्त्रज्ञ सांगतच आहेत.

परतल्यावर एकदा मुरब्याला गेले होते. बांबूच्या वलांडीवर बोंबलांच्या रांगा टांगलेल्या. ओळखीच्या काकी एकेक बोंबील बोटांनी चाचपत होत्या. बोंबलात बहुतेक पाणीच. उत्तरेचा कोरडा, गार वारा असला तर तो दोन-तीन दिवसांत खुळखुळीत सुकतो. हवा दमट झाली, की मऊ पडतो, वास धरतो. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाचा पाऊस आला, तेव्हा असा माल फेकून द्यावा लागला होता.

मी काकींना गुलमर्गची गोष्ट सांगितली. तिकडून झंझावात पुढे सरकला, की मागून उत्तरेचा वारा आपल्याकडे उतरतो. तिकडचा हिवाळा बिघडला तर इकडचाही वारा बदलतो, असंही सांगितलं. त्यांनी बर्फ कधी पाहिलेला नाही. पण सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "बाय, त्या पोराचं मग घर कसं चाललं गं त्या महिन्यात?"

बर्फाच्या प्रतीबद्दल मी इतकं वाचलं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हतं. संध्याकाळी त्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आपा, यंदा मुलीला चिल्ल्यातच घेऊन या."

येतो म्हणाले. इन्शाअल्लाह, बर्फही येवो.