टॉमी हास: दोन नंबरचा खेळाडू क्वालिफायिंग खेळतो तेव्हा

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

आजचा भाग टेनिसवर आहे. टेनिस बघत नसाल तरी लगेच स्किप करू नका, कारण स्कोअर फार सांगणार नाहीये. जर्मन टेनिस म्हटलं की आपल्याकडे दोन नावं हमखास येतात, बोरिस बेकर आणि स्टेफी ग्राफ. मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे त्याच्याकडे सिंगल्सचं एकही ग्रँड स्लॅम नाही. ग्रँड स्लॅमची फायनलसुद्धा नाही. चार वेळा सेमीफायनलला पोचला आणि चारही वेळा तिथूनच परत आला. नाव टॉमी हास.

जन्म ३ एप्रिल १९७८, हॅम्बर्ग. पोरगा लहानपणापासूनच भारी खेळायचा. बारा-तेरा वर्षांचा असताना घर सोडून अमेरिकेत गेला, फ्लोरिडातल्या निक बोलेतिएरीच्या अकादमीत. आंद्रे आगासी जिथे घडला ती हीच अकादमी. तिथली फी काही साधी नसते. मग वडिलांनी काय केलं, तर गुंतवणूकदार शोधले. आज तुम्ही पैसे घाला, उद्या पोरगा कमवायला लागला की त्यातला वाटा घ्या. स्टार्टअपला फंडिंग मिळतं ना, अगदी तसंच. फक्त इथे प्रॉडक्ट म्हणजे एक शाळकरी मुलगा!

आणि प्रॉडक्ट चाललंही. १९९९ मध्ये विशीतच तो ऑस्ट्रेलियन ओपनच्या सेमीफायनलला पोचला. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक. (हेच ते ऑलिंपिक, जिथे करणम मल्लेश्वरीने आपल्याला एकमेव पदक मिळवून दिलं होतं.) फायनलमध्ये रशियाच्या काफेल्निकोव्हने त्याला पाच सेटमध्ये हरवलं. २००२ ला परत ऑस्ट्रेलियन ओपनची सेमीफायनल, समोर मरात साफिन. हास दोन-एक सेटने पुढे. तेवढ्यात पाऊस आला, खेळ थांबला, छत बंद केलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा साफिन वेगळाच माणूस होता. पुढचे दोन सेट ६-०, ६-२. खलास.

तरीही मे २००२ मध्ये टॉमी हास जगात दोन नंबरवर होता. वय २४. आता एक नंबर व्हायचं, एवढंच बाकी.

पुढच्याच महिन्यात फ्लोरिडात त्याच्या आईवडिलांच्या मोटरसायकलला भीषण अपघात झाला. दोघंही गंभीर जखमी, वडील कोमात. हासने विम्बल्डन सोडलं आणि हॉस्पिटलमध्ये त्यांच्याजवळ थांबला. त्यातून सगळं सावरत असतानाच उजवा खांदा गेला. टेनिसमध्ये सर्व्हिस करताना हात डोक्यावरून पूर्ण ताकदीने फिरवावा लागतो, आणि हे एका मॅचमध्ये शंभराच्या आसपास वेळा. खांद्याचा सांधा जागेवर धरून ठेवणारे स्नायू त्यात अक्षरशः झिजतात, फाटतात. ऑपरेशन झालं, ते पुरेसं ठरलं नाही, परत ऑपरेशन. २००३ हे अख्खं वर्ष तो एकही मॅच खेळला नाही.

आता इथे जरा थांबूया, कारण रँकिंग चालतं कसं हे कळलं तरच पुढची गोष्ट कळेल.

टेनिसचं रँकिंग म्हणजे आपला मोबाइल रिचार्ज समजा. व्हॅलिडिटी ५२ आठवडे. यंदा रोमच्या स्पर्धेत फायनलला पोचलात, पॉइंट मिळाले. पुढच्या वर्षी त्याच सुमारास ते पॉइंट उडतात. परत खेळून कमवा, नाहीतर गेले. सिस्टमला तुमच्या आईवडिलांचा अपघात दिसत नाही, खांदा दिसत नाही. तिला एवढंच दिसतं की गेल्या ५२ आठवड्यांत या माणसाची कमाई शून्य. म्हणजे दीड वर्षापूर्वी दोन नंबरवर असलेल्या माणसाचं नाव २००३ संपताना यादीतच नव्हतं.

मग असा माणूस परत येतो कसा? मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश रँकिंगवर मिळतो, आणि रँकिंग तर खेळल्याशिवाय मिळत नाही. आपल्याकडे फ्रेशरला म्हणतात ना, 'अनुभव आणा, मग नोकरी देतो', तोच घोळ.

टेनिसने यावर दोन-तीन वाटा काढल्यात. एक म्हणजे संरक्षित रँकिंग. सहा महिने किंवा जास्त काळ दुखापतीमुळे बाहेर असाल, तर तुमचं जुनं रँकिंग काही ठरावीक स्पर्धांच्या प्रवेशापुरतं वापरता येतं. दार उघडतं, पण मानांकन मिळत नाही. पहिल्याच फेरीत समोर एक नंबरवाला उभा राहू शकतो. दुसरी वाट वाइल्ड कार्ड. स्पर्धेचे आयोजक म्हणतात, या माणसाला आम्ही आमच्या भरवशावर खेळवतो. आणि तिसरी वाट क्वालिफायिंग. मुख्य स्पर्धेच्या आधी छोट्या कोर्टवर, तुरळक प्रेक्षकांसमोर मॅच जिंकत जिंकत आत शिरायचं.

हास २००४ मध्ये परत आला. ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिसच्या स्पर्धा जिंकल्या आणि त्या वर्षीचा 'कमबॅक प्लेअर' ठरला. इथे गोष्ट संपली असती तर छान सिनेमा झाला असता. पण २००५ ला विम्बल्डनमध्ये वॉर्म-अप करताना त्याचा पाय चेंडूवर पडला. घोटा मुरगळला, पहिल्याच फेरीत मॅच सोडावी लागली. २००७ ला विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत फेडररशी गाठ होती, तेव्हा पोटाचा स्नायू फाटला, न खेळताच बाहेर. मग परत खांदा.

आणि २००९. फ्रेंच ओपन. आदल्या दिवशी नदाल हरलेला, त्यामुळे फेडररला आयुष्यात पहिल्यांदा ही स्पर्धा जिंकायची सोन्यासारखी संधी. चौथ्या फेरीत समोर हास. हासने पहिले दोन सेट घेतले. तिसऱ्यात ४-३ ने पुढे, आणि फेडररच्या सर्व्हिसवर ब्रेक पॉइंट. हा एक पॉइंट घेतला की पुढचा गेम मॅच जिंकण्यासाठीच. फेडररने जोखीम घेऊन फोरहँड मारला, चेंडू रेषेजवळ पडला. तिथून मॅच फिरली. फेडरर ती स्पर्धा जिंकला आणि त्याची चारही ग्रँड स्लॅम पूर्ण झाली. त्या एका फोरहँडवर आजही चर्चा होते. हास मात्र गप्प बसला नाही. दोन आठवड्यांत हाले इथल्या फायनलमध्ये त्याने जोकोविचला हरवलं, आणि विम्बल्डनमध्ये परत एकदा जोकोविचलाच हरवून सेमीफायनल गाठली.

मग २०१० मध्ये खुब्याचं ऑपरेशन. परत एक वर्षाहून जास्त काळ बाहेर. वय ३२, ३३. टेनिसमध्ये या वयात लोक निरोपाची भाषणं लिहितात. २०११ संपलं तेव्हा त्याचं रँकिंग २०५ होतं.

माझ्यासाठी या करिअरचा सगळ्यात मोठा क्षण यानंतरचा आहे, आणि त्यात कुठलाही कप नाही. २०१२ ची फ्रेंच ओपन. एकेकाळचा दोन नंबर, वय ३४, क्वालिफायिंग खेळतोय. समोर त्याच्यापेक्षा कितीतरी लहान पोरं. तो जिंकत आत गेला आणि थेट तिसऱ्या फेरीपर्यंत पोचला. लगेच हालेच्या आयोजकांनी वाइल्ड कार्ड दिलं, तर पठ्ठ्याने फायनलमध्ये फेडररला हरवून स्पर्धाच जिंकली! वर्षअखेर रँकिंग २१.

पुढच्या वर्षी मायामीत एक नंबरच्या जोकोविचला ६-२, ६-४. फ्रेंच ओपनमध्ये जॉन इस्नरविरुद्ध त्याचे १२ मॅच पॉइंट हुकले. बारा! मध्ये एकदा तर तो स्वतःच हरण्यापासून एक पॉइंट दूर होता. तेराव्या मॅच पॉइंटला, पाचवा सेट १०-८ असा जिंकून मोकळा झाला. ३५ व्या वर्षी क्वार्टरफायनल.

मुद्दा काय? 'हार मानू नका मित्रांनो' असलं रील मला बनवायचं नाहीये. हासची जिद्द खरी आहेच, पण नुसत्या जिद्दीने दार उघडत नाही. त्याच्याकडे चांगले डॉक्टर होते, पैसा होता, नियमांत संरक्षित रँकिंग होतं, आणि वाइल्ड कार्ड देणारं कोणीतरी होतं. आपल्या आयटीत बघा. आईच्या आजारपणात कोणी वर्षभर घरी थांबलं, बाळंतपणानंतर कोणी दोन वर्षांनी परत आलं, की रेझ्युमेवर पहिलं बोट कुठे? 'हा गॅप कसला?' इथे आपलीही सिस्टम ५२ आठवड्यांचीच आहे. फक्त संरक्षित रँकिंग आपण ठेवलेलं नाही. मग परत येणाऱ्याला आपण सांगतो, 'जिद्द ठेव'. सोपं असतं ते सांगायला.

अर्थात दुसरी बाजूही आहे. दार उघडल्यावर हासने छोट्या कोर्टवर जायला कमीपणा मानला नाही. 'मी दोन नंबर होतो' हे डोक्यात घेऊन बसला असता तर क्वालिफायिंगचा फॉर्म भरलाच नसता.

शेवटचं. खांद्याने २०१४ ला परत दगा दिला, तरी २०१५ मध्ये ३७ व्या वर्षी तो विम्बल्डनमध्ये एक मॅच जिंकला. जून २०१७, स्टुटगार्ट. वय ३९, रँकिंग ३०२. मॅच पॉइंट वाचवून त्याने फेडररला हरवलं. त्याच फेडररने पुढच्याच महिन्यात विम्बल्डन एकही सेट न गमावता जिंकलं, यावरून काय ते समजा. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इंडियन वेल्सला हासने निवृत्ती जाहीर केली. एकूण १५ सिंगल्स विजेतेपदं.

तोपर्यंत तो त्याच इंडियन वेल्स स्पर्धेचा संचालक झालेला होता. आणि वाइल्ड कार्ड कोणाला द्यायचं, हे तिथे संचालकाच्या टेबलावर ठरतं.

तुमच्यापैकी कोणी टीम लीड असेल, हायरिंगमध्ये बसत असेल, तर पुढचा गॅपवाला रेझ्युमे समोर आल्यावर एवढं आठवा. आणि तुम्ही स्वतः गॅपमध्ये असाल, तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटूया, काळजी घ्या!